स्प्रेडशीटमधलं पायलट लॉगबुक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उड्डाणांच्या नोंदी एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसमध्ये ठेवणाऱ्या वैमानिकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. नियम देशागणिक बदलतात, म्हणून जिथे अमेरिकेच्या एफएए किंवा युरोपच्या ईएएसए या विमान वाहतूक प्राधिकरणाचा नियम सांगितला आहे तिथे तसं नाव घेतलं आहे. तुमचं लायसन्स ज्या प्राधिकरणाचं आहे, त्याचा शब्द अखेरचा.

१. स्प्रेडशीटमधलं लॉगबुक ग्राह्य धरतात का?

एफएए नोंदी 'प्राधिकरणाला मान्य होईल अशा पद्धतीने' ठेवायला सांगतं, त्यात कागदाची सक्ती नाही. ईएएसएच्या मार्गदर्शक सूचनांतही लॉगबुक इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येतं असं म्हटलं आहे. अडतं ते दोन ठिकाणी : आवश्यक माहिती पूर्ण आहे का, आणि जिथे दुसऱ्याची सही लागते तिथे ती खरी आहे का. सहीबद्दल प्रश्न १५ पाहा.

अजून ट्रेनिंग चालू असेल तर माझं मत स्पष्ट आहे. मूळ नोंद कागदी वहीतच ठेवा आणि स्प्रेडशीट समांतर चालवा. प्रत्येक सॉर्टीला (सरावाच्या उड्डाणाला) इन्स्ट्रक्टरची सही लागण्याच्या काळात नुसत्या फाइलवर विसंबणं म्हणजे नसती डोकेदुखी.

२. कमीत कमी कोणते रकाने हवेत?

तारीख, निघण्याचं ठिकाण आणि वेळ, पोहोचण्याचं ठिकाण आणि वेळ, विमानाचा प्रकार, रजिस्ट्रेशन, पीआयसीचं (कमांड असलेल्या वैमानिकाचं) नाव, एकूण वेळ, दिवसाची आणि रात्रीची लँडिंग, नाइट (रात्रीची वेळ), इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांवर उडवलेली वेळ), तुमची भूमिका (पीआयसी, को-पायलट, ड्युअल म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत शिकताना, इन्स्ट्रक्टर), सिम्युलेटर आणि शेवटी शेरा. सिंगल इंजिन, मल्टी इंजिन आणि मल्टी-पायलट यांचे तास वेगळे दाखवावे लागतात, पण त्यासाठी वेगळे रकाने भरत बसू नका. दुसऱ्या शीटवर तुमच्या विमानांची यादी करा, प्रत्येक रजिस्ट्रेशनसमोर प्रकार आणि इंजिनांची संख्या लिहा आणि ती माहिती लुकअपने ओढून आणा. एकच रजिस्ट्रेशन तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलं गेलं की टाइपनुसार बेरीज फसते, म्हणून तो रकाना ड्रॉपडाउनचाच ठेवा.

एक पथ्य सगळ्यात महत्त्वाचं : जे घडलं ते हाताने भरायचं, जे त्यावरून निघतं ते फॉर्म्युल्याने काढायचं. चॉक्स ऑफ आणि चॉक्स ऑनच्या (चाकांचे अडसर काढल्याच्या आणि लावल्याच्या) वेळा हाताने, एकूण वेळ फॉर्म्युल्याने. एकूण वेळेच्या रकान्यात कुणी हाताने आकडा टाकला की ती ओळ पुढे तपासता येत नाही.

३. तयार ॲप असताना स्प्रेडशीट कशाला?

ॲप वापरायचं तर खुशाल वापरा. नाइट मोजणं, करन्सीची (ठरावीक काळात केलेल्या सरावाच्या अटीची) आठवण देणं ही कामं ती चांगली करतात. स्प्रेडशीटचा फायदा एवढाच की फाइल तुमच्या हातात राहते, आणि एखादा आकडा कुठून आला ते सेलवर क्लिक करून दिसतं. ॲप घेतलंच तर सगळी माहिती सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येते का, ते पैसे भरण्याआधी बघा.

४. वेळ यूटीसीत लिहावी की स्थानिक?

यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आणि तारीखही यूटीसीचीच. पूर्वेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की स्थानिक वेळेनुसार तुम्ही निघण्याच्या आधीच पोहोचलेले असू शकता, आणि कुठलाही साधा फॉर्म्युला तिथे हात टेकतो. घड्याळं पुढे-मागे करणाऱ्या देशांत वर्षातून दोनदा हाच घोळ होतो. स्थानिक वेळ हवीच असेल तर ती शेऱ्यात लिहा.

५. ब्लॉक टाइम धरायचा की हवेतली वेळ?

लायसन्ससाठी मोजला जाणारा फ्लाइट टाइम म्हणजे ब्लॉक टाइम. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) व्याख्येनुसार विमान उड्डाणाच्या हेतूने पहिल्यांदा हललं तिथपासून ते उड्डाण संपवून अखेर थांबलं तिथपर्यंत. हेलिकॉप्टरसाठी रोटर फिरायला लागल्यापासून थांबेपर्यंत.

इथे एक बारकावा आहे. एफएएच्या व्याख्येत विमान 'स्वतःच्या शक्तीवर' हललं पाहिजे असं आहे. म्हणजे टगने (ओढगाडीने) विमान मागे ढकलणं, म्हणजेच पुशबॅक, आयकाओच्या व्याख्येत बसतो, एफएएच्या नाही. फरक दोन-चार मिनिटांचा, पण दोन्हीकडचं लायसन्स असेल तर कुठली व्याख्या वापरली ते शीटच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हवेतली वेळ विमानाच्या देखभालीच्या हिशेबाला लागते. तिला वेगळा रकाना द्या आणि एकूण तासांत मिसळू नका.

६. रकान्याची बेरीज २६:३० यायला हवी, पण २:३० दिसते. फाइल बिघडली का?

फाइल ठीक आहे, फॉरमॅट चुकलाय. स्प्रेडशीट वेळ साठवते ती दिवसाचा अंश म्हणून : १ म्हणजे २४ तास, ०.५ म्हणजे १२ तास. २६:३० म्हणजे एक पूर्ण दिवस आणि वर अडीच तास. नेहमीचा वेळेचा फॉरमॅट पूर्ण दिवस गिळतो आणि उरलेले अडीच तास दाखवतो. एक्सेलमध्ये कस्टम फॉरमॅटमध्ये जाऊन तासांचं 'एच' हे अक्षर चौकटी कंसात टाका. गूगल शीट्समध्ये 'ड्युरेशन' फॉरमॅट निवडा.

यापेक्षा टिकाऊ उपाय म्हणजे मिनिटं पूर्णांकात साठवणं. दोन वेळांमधल्या फरकाला १४४० ने गुणा आणि राउंड करून जवळच्या पूर्णांकावर आणा. तासांत दाखवायचं काम फक्त बेरजेच्या सेलवर सोपवा. वेळेचे अंश संगणकात अचूक मावत नाहीत, त्यामुळे दिसायला सारख्या दोन बेरजा तुलनेत 'वेगळ्या' निघतात. पूर्णांकांत ही कटकट उरत नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मिनिटांचा हाच रकाना गृहीत धरला आहे.

७. उड्डाण मध्यरात्र ओलांडतं तेव्हा ##### असं दिसतं.

निघालात २३:४० ला, पोहोचलात ०१:१० ला. वजाबाकी उणे येते आणि एक्सेल उणे वेळ दाखवत नाही. आलेल्या फरकावर मॉड फंक्शन लावा, भाजक १ द्या. उत्तर १:३० येईल.

मात्र मॉड चूक लपवतंही. निघण्याची १०:०० आणि पोहोचण्याची ११:०० अशा वेळा उलट रकान्यांत पडल्या, तर तक्रार न करता ते २३:०० तास देतं, आणि तुमच्या एकूण वेळेत जवळपास एक दिवस फुकटचा जमा होतो. म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंग लावा : तुमच्या विमानाला एका दमात जेवढं उडता येतं त्यापेक्षा वेळ जास्त दिसली की सेल लाल. दोन सीटच्या ट्रेनर विमानाला पाच-सहा तासांची मर्यादा पुरेशी आहे.

८. तास-मिनिटं चांगली की दशांश?

साठवायला मिनिटं, दाखवायला तुमचं प्राधिकरण मागेल ते. युरोपात बहुधा तास:मिनिटं चालतं, अमेरिकेत दशांश. दशांशात ०.१ म्हणजे ६ मिनिटं.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला टायपिंगचा : १:३० ऐवजी १.३० लिहिलं की ते १ तास १८ मिनिटं झालं, बारा मिनिटं गेली. दुसरा राउंडिंगचा. १:२० ची सहा उड्डाणं म्हणजे बरोबर ८ तास. तीच प्रत्येक ओळीत १.३ करून मिळवली तर ७.८ भरतात. म्हणून आधी बेरीज, मग राउंडिंग.

अपवाद : कागदी वहीत प्रत्येक ओळ दशांशातच लिहून त्यावर सही झालेली असेल, तर शीटमध्ये तोच आकडा ठेवा. सही झालेल्या ओळीशी जुळणं हे सहा-बारा मिनिटं वाचवण्यापेक्षा महत्त्वाचं.

९. मी टाइप करतो एक आणि शीट दाखवते भलतंच. हे कसं थांबवू?

०६३० लिहिलं की पुढचं शून्य जातं आणि ६३० हा साधा आकडा उरतो. कोलन टाइप करायचा कंटाळा असेल तर तो आकडाच राहू द्या. बाजूच्या रकान्यात १०० ने भागून पूर्णांक घ्या, ते तास. बाकी घ्या, ती मिनिटं.

फ्लाइट नंबरची गंमत वेगळी आहे. ६ई२०३ रोमन लिपीत टाइप केलं तर एक्सेल त्याला '६ गुणिले १० चा २०३ वा घात' समजतं. ६ई५३१४ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण एवढा मोठा आकडा एक्सेलला पेलतच नाही. त्यामुळे काही ओळी बरोबर आणि काही बिघडलेल्या, असा कोड्यात टाकणारा प्रकार दिसतो. तो रकाना भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा.

तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा. ०३/०४ म्हणजे एका संगणकावर ३ एप्रिल आणि दुसऱ्यावर ४ मार्च. सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. इम्पोर्ट करा आणि रकान्यांचे प्रकार स्वतः ठरवा.

१०. कागदी वहीत हजारो तास आहेत. सगळं पुन्हा टाइप करायचं का?

नाही. मागील बारा-तेरा महिन्यांची उड्डाणं ओळ-ओळ भरा, कारण करन्सी आणि तासांच्या मर्यादा तेवढंच मागे बघतात (प्रश्न १२ आणि १३). त्याआधीचं सगळं 'मागील पानावरून पुढे' म्हणून आणा, पण एकाच ओळीत नको. प्रत्येक विमान प्रकारासाठी एक ओळ करा, नाहीतर टाइपनुसार तास कधीच निघणार नाहीत. या ओळींची तारीख जुन्या भागातल्या शेवटच्या उड्डाणाची ठेवा. तिथे चुकून आजची तारीख पडली तर आयुष्यभराची सगळी लँडिंग 'गेल्या ९० दिवसांत' मोजली जातील.

ज्येष्ठांसाठी एक इशारा. एक्सेलमध्ये टाइप केलेली वेळ ९९९९:५९:५९ च्या पुढे गेली की तिचा मजकूर होतो, आणि बेरीज मजकुराला गुपचूप वगळते. म्हणजे १०२५०:०० तास पुढे आणले आणि एकूण आकडा अचानक दहा हजारांनी कमी दिसला, तर कारण हे. मिनिटांत ते ६,१५,००० होतात आणि प्रश्न मिटतो.

११. नाइट आपोआप काढता येईल का?

येईल, पण मला ते फायद्याचं वाटत नाही. एफएए आणि ईएएसए दोघांच्या व्याख्येत रात्र म्हणजे संध्याकाळचा सिव्हिल ट्वायलाइट संपल्यापासून सकाळचा सुरू होईपर्यंत, म्हणजे सूर्याचं केंद्र क्षितिजाखाली ६ अंशांपेक्षा जास्त असण्याचा काळ. तासाभराच्या उड्डाणाला निघण्याच्या ठिकाणची ट्वायलाइटची वेळ बघून मिनिटं हाताने भरणं पुरतं. पूर्व-पश्चिम लांब उड्डाणात ती वेळ विमानाबरोबर सरकत जाते. दोन टोकांच्या वेळा घेऊन काढलेलं उत्तर तिथे ढोबळच असणार.

एफएएच्या लायसन्सधारकांनी लक्षात ठेवायचं ते वेगळंच. रात्रीचे तास सिव्हिल ट्वायलाइटवर मोजतात, पण प्रवासी नेण्याच्या करन्सीसाठी रात्र सूर्यास्तानंतर एका तासाने सुरू होते आणि सूर्योदयाआधी एक तास संपते. मधल्या वेळेत केलेलं लँडिंग नाइट तासांत असतं, नाइट करन्सीत नसतं. तेव्हा 'रात्रीची लँडिंग' आणि 'करन्सीला चालणारी रात्रीची लँडिंग' असे दोन रकाने करा.

१२. ९० दिवसांची करन्सी शीटने सांगावी यासाठी काय करू?

प्रवासी न्यायचे तर आधीच्या ९० दिवसांत ३ टेक-ऑफ आणि ३ लँडिंग, ही अट एफएएकडे आहे आणि ईएएसएकडेही (तिथे ३ अप्रोचही, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणंही, मोजतात). नेहमी दिसणारी चूक म्हणजे काउंट-इफ्सने ओळी मोजणं. एका ओळीत पाच लँडिंग असू शकतात, म्हणून सम-इफ्सने लँडिंगच्या रकान्याची बेरीज घ्या आणि विमानाच्या क्लास किंवा टाइपची अट जोडा.

'टुडे' फंक्शन वापरू नका. वर एक सेल ठेवा, 'नियोजित उड्डाणाची तारीख', आणि सगळी गणितं तिच्यावरून करा. आज तुम्ही करन्ट असाल, प्रश्न येत्या रविवारचा असतो. ती तारीख एकेक दिवस पुढे सरकवून बघा. आकडा ३ च्या खाली ज्या दिवशी जातो, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तुम्ही मोकळे.

एफएएची इन्स्ट्रुमेंट करन्सी दिवसांवर नाही, ६ कॅलेंडर महिन्यांवर चालते. १० जानेवारीचा अप्रोच ३१ जुलैपर्यंत मोजला जातो. तिथे १८० दिवस लावू नका, ईओमंथ फंक्शनमध्ये ६ महिने द्या.

१३. एअरलाइनच्या २८ दिवसांच्या मर्यादेसाठी हाच फॉर्म्युला चालेल?

ईएएसएच्या मर्यादा अशा : सलग कोणत्याही २८ दिवसांत १०० तास, कॅलेंडर वर्षात ९०० तास, सलग १२ कॅलेंडर महिन्यांत १००० तास. यांना तारखेवर आधारलेली सम-इफ्स पुरते, फक्त तिन्हींच्या खिडक्या वेगळ्या आहेत. एफएए मात्र पार्ट ११७ या आपल्या नियमांत १०० तास कोणत्याही सलग ६७२ तासांत मोजतं. ६७२ म्हणजे २८ दिवसच, पण घड्याळाच्या तासांनी. तिथे तारीख आणि वेळ एकत्र करून तुलना करावी लागते, आणि खिडकीच्या काठावर अर्धं आत, अर्धं बाहेर असलेलं उड्डाण तोडावं लागतं. कंपनीचं रोस्टर सॉफ्टवेअर हे बघतंच. तुमची शीट हा दुसरा डोळा आहे, परवानगी नव्हे.

१४. पीआयसी, को-पायलट, ड्युअल, इन्स्ट्रक्टर यांची बेरीज एकूण तासांपेक्षा जास्त येते. चूक कुठे?

बहुधा कुठेच नाही. इन्स्ट्रक्टर शिकवतानाची वेळ पीआयसी म्हणूनही लिहितो आणि इन्स्ट्रक्टर म्हणूनही. म्हणून पडताळणीच्या समीकरणातून इन्स्ट्रक्टरचा रकाना वगळा : पीआयसी अधिक को-पायलट अधिक ड्युअल, बरोबर एकूण.

एफएएत तेही नेहमी जुळत नाही. ज्या विमानाचं रेटिंग आहे त्यात प्रायव्हेट पायलट इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण घेत असेल, तर कंट्रोल्स एकट्याच्या हाती असलेली वेळ पीआयसीतही जाते आणि ड्युअलमध्येही. हूडखाली (बाहेरचं दिसू नये असा आडोसा लावून) उडवणारा आणि सेफ्टी पायलट (बाहेर लक्ष ठेवणारा दुसरा वैमानिक), दोघांच्याही वहीत त्याच उड्डाणाचा पीआयसी असू शकतो, पण सेफ्टी पायलटला तो तेव्हाच मिळतो जेव्हा कमांड त्याच्याकडे असल्याचं आधी ठरलेलं असतं, आणि तोही फक्त हूडच्या वेळेपुरता. अशा ओळींच्या शेऱ्यात दुसऱ्या वैमानिकाचं नाव आणि ठरलेली भूमिका लिहा, म्हणजे दोन वर्षांनी कुणी विचारलं तर आठवत बसावं लागणार नाही.

१५. सही कशी घ्यायची?

सेलमध्ये इन्स्ट्रक्टरचं नाव टाइप करणं ही सही नाही. तुमच्या फाइलमध्ये तुम्ही कुणाचंही नाव टाइप करू शकता, तपासणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. सहीचं चित्र चिकटवणं त्याहून वाईट. एन्डॉर्समेंट (इन्स्ट्रक्टरची लेखी मंजुरी), चेक राइड (परीक्षेचं उड्डाण), पर्यवेक्षणाखालचा पीआयसी वेळ, अशा सही लागणाऱ्या नोंदी कागदावर घ्या, स्कॅन करा आणि त्या ओळीत स्कॅनची लिंक द्या. मूळ कागद फेकू नका. किंवा त्या महिन्याची पानं पीडीएफ करून इन्स्ट्रक्टरकडून खरी डिजिटल सही घ्या, जी फाइल बदलताच मोडते.

१६. सिम्युलेटरचे तास एकूणात मिळवायचे का?

नाही. वेगळा रकाना, वेगळी बेरीज. विशिष्ट लायसन्ससाठी त्यातले काही तास धरता येतात, पण ते त्या अर्जावर, लॉगबुकच्या एकूण तासांत नव्हे.

१७. सर्किट्स (विमानतळाभोवतीच्या सरावाच्या फेऱ्या) करताना प्रत्येक टच अँड गोला (उतरून लगेच पुन्हा उडण्याला) वेगळी ओळ?

गरज नाही. टच अँड गोमध्ये विमान थांबतच नाही, त्यामुळे एक ओळ आणि लँडिंगच्या रकान्यात संख्या. ईएएसएच्या सूचनांनुसार त्याच दिवशी दर वेळी त्याच ठिकाणी परत येणारी उड्डाणं, मधलं अंतर ३० मिनिटांपेक्षा जास्त नसेल, तर एका ओळीत लिहिता येतात. मात्र एफएएच्या नाइट करन्सीला आणि टेलव्हील (शेपटीला चाक असलेल्या) विमानांना पूर्ण थांबलेलीच लँडिंग चालतात. प्रश्न ११ मधला दुसरा रकाना इथेही उपयोगी पडतो.

१८. जुन्या नोंदीत चूक सापडली. सरळ बदलू?

कागदावर आपण एक रेघ मारतो, खालचं वाचता येईल असं ठेवतो आणि बाजूला सही करतो. फाइलमध्ये जुनं पुसून नवं लिहिलं की रेघेचा मागमूसही राहत नाही. म्हणून 'दुरुस्त्या' नावाची शीट ठेवा : दुरुस्तीची तारीख, ओळीचा क्रमांक, जुना आकडा, नवा आकडा, कारण. महिना संपला की त्या ओळी लॉक करा. खोटी नोंद केल्याबद्दल एफएए सर्टिफिकेट रद्द करू शकतं, आणि प्रामाणिक दुरुस्ती वेगळी ओळखू यावी यासाठीच ही शीट.

१९. बॅकअप किती आणि कसा?

एक प्रत संगणकावर, एक क्लाउडवर, एक बाहेर ठेवलेल्या ड्राइव्हवर. क्लाउड सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एकच रकाना निवडून सॉर्ट केलात आणि तारखा उड्डाणांपासून सुटल्या, तर ती मोडकी फाइल काही सेकंदांत सगळीकडे पोहोचते. म्हणून महिनाअखेरीस नावात तारीख घालून वेगळी प्रत ठेवा, सोबत सीएसव्ही आणि पीडीएफ.

२०. छापून दाखवायचं तर पान कसं बसवू?

छपाईची शीट वेगळी करा आणि पानावरच्या ओळी ठरावीक ठेवा. खाली तीन बेरजा : या पानाची, मागील पानावरून आलेली, एकूण. मूळ शीटवर फिल्टर लावून बेरीज बघत असाल तर 'सम' नको, 'सबटोटल' वापरा. 'सम' लपलेल्या ओळीही मोजतं.

२१. टॅक्सी करून निघालो, पण बिघाडामुळे टेक-ऑफ न करता परत आलो. ही वेळ लिहायची?

फ्लाइट टाइम म्हणून नाही, उड्डाणच झालं नाही. ओळ हवी असेल तर वेळ आणि लँडिंग शून्य ठेवून शेऱ्यात कारण लिहा. टेक-ऑफ करून त्याच विमानतळावर परतलात तर मात्र ते पूर्ण उड्डाण आहे, दोन्ही ठिकाणांत तोच कोड येईल. दुसऱ्या विमानतळावर वळवलं असेल तर प्रत्यक्ष उतरलात तो कोड रकान्यात आणि मूळ गंतव्य शेऱ्यात. तिथून पुन्हा निघालात की नवी ओळ.